वरची डावी, पहिली दाढ

माझी दाढ जिन्यावरून गडगडत गेली आणि त्याच्या बुटाला टेकून थांबली.

माझी म्हणजे माझ्या तोंडातली नव्हे. दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येकाकडे काढून टाकलेल्या दातांची एक बाटली असते आणि त्या बाटलीवर आमचा फार जीव असतो. दात मागून आणायचे, निर्जंतुक करायचे, प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवायचे आणि त्यांच्यावर रूट कॅनाल शिकायचं. धड मुळांची दाढ सहजासहजी मिळत नाही. म्हणून ती पळाली तशी मी दोन-दोन पायऱ्या गाळत तिच्यामागे धावले.

त्याने ती रुमालात उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. अंगात पदव्युत्तर विभागाचा निळा कोट, काखेत कागदांचा गठ्ठा, आणि चेहऱ्यावर… कसं सांगू, परीक्षेला एकही प्रश्न ऑप्शनला न टाकलेल्या माणसाचं समाधान.

“खालची उजवी,” तो म्हणाला. “पहिली दाढ. मुळं सुरेख आहेत.”

“डावी,” मी म्हणाले.

“उजवी.”

“डावी आहे. परत बघा.”

त्याने परत बघितलं. मग आणखी एकदा. त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या आणि मला उगीचच बरं वाटलं.

“डावी,” तो म्हणाला. “पण उजवी म्हणताना मी किती आत्मविश्वासाने म्हणालो, ते बघितलंत ना?”

मी हसले. हसायला नको होतं, कारण त्याच वेळी त्याची नजर माझ्या ओळखपत्रावरच्या नंबरावर गेली. “अच्छा,” तो म्हणाला, “म्हणजे तो सातवा प्रश्न तुमचा.”

तेव्हा मला कळलं की हे ते फॉर्मवाले सर. रूट कॅनाल शिकताना विद्यार्थ्यांना स्वतःबद्दल कितपत खात्री वाटते, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. आमच्या वर्गात साठ जणांना रोल नंबर घातलेले फॉर्म वाटले होते. एकोणसाठ पूर्ण भरून आले होते. साठाव्यात सातव्या प्रश्नापुढची जागा कोरी होती. प्रश्न असा: दाढेचं रूट कॅनाल तुम्ही स्वतः करू शकाल, याची तुम्हाला किती खात्री आहे? एक ते पाच आकड्यांपैकी एकाभोवती गोल करा.

“एक तरी आकडा निवडा,” तो म्हणाला. “कोरं ठेवलेलं चालत नाही.”

“शून्य नाहीये त्यात.”

“एकपासून सुरू होतं.”

“म्हणूनच कोरं ठेवलंय.”

त्याने दाढ माझ्या तळहातावर ठेवली. जरा जास्तच हळू ठेवली, असं मला वाटलं. “मी उद्या येईन,” तो म्हणाला.

तो उद्या आला. परवाही आला. दुपारच्या सुट्टीत मी तळघरातल्या प्रयोगशाळेत ठोकळे घेऊन बसायचे, तिथे तो बरोबर पाच मिनिटांनी टपकायचा. पहिल्या आठवड्यात हातात फॉर्म असायचा. दुसऱ्या आठवड्यात फॉर्म विसरून यायला लागला.

“बाकीच्यांनी काय लिहिलं?” मी विचारलं.

“बऱ्याच जणांनी चार, पाच. तुमच्या वर्गात एक जण आहे, त्याने पाचाला दोन गोल केलेत.”

“आणि तुम्ही स्वतः भरला असता तर?”

“पाच,” तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला. मग माझ्या ठोकळ्याकडे वाकून बघत, आवाज जरा खाली आणून म्हणाला, “तुझं काम माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. मग ती जागा कोरी का?”

तो मला ‘तू’ म्हणाला, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं आणि आम्ही दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं. आणि मी… कोणालाच न सांगितलेलं त्याला सांगून बसले.

चार महिन्यांपूर्वी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दातात माझी फाईल तुटली होती. फाईल म्हणजे केसाएवढी बारीक, पीळदार सुई. दाताच्या मुळात नसेची जी नळी असते, तिला आम्ही कॅनाल म्हणतो, ती साफ करायला वापरतात. टोक आत अडकलं, मी एक वळण जास्त दिलं आणि बारीकसा कट् असा आवाज झाला. मी बाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझ्याही सुया मोडतात. पुढे काय करायचं ते बोल.” आमच्या मॅडमनी त्या तुकड्याच्या बाजूने वाट काढली, दात वाचला, बाई खूश होऊन गेल्या. पण त्या दिवसापासून आत काही जरासं अडलं की माझा हात जागच्या जागी थिजायचा. सत्र संपण्याआधी प्रत्येकाने एक तरी दाढ पूर्ण करायची असा नियम होता. वाट्याला आलेल्या दोन दाढा मी मैत्रिणींना देऊन टाकल्या होत्या. दातांचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत माहितीपत्रकं लिहायची जागा होती, तिथला अर्ज भरून बॅगेत ठेवला होता. सत्र संपायला तीन आठवडे उरले होते. दाढ झाली तर मी डॉक्टर होणार होते. नाही झाली, तर तो अर्ज पाठवून मोकळी होणार होते.

“घरी माहीत आहे?” त्याने विचारलं.

“बाबा बस चालवतात. प्रत्येक स्टॉपला कोणाला तरी सांगतात की माझी मुलगी दाढा वाचवते. लोक सिग्नलला त्यांना तोंड उघडून दाखवतात. मी बजावलंय, एक तरी वाचवू द्या, मग सांगा.”

तो हसला नाही. मी ठोकळा उगाच इकडचा तिकडे केला.

पुढच्या सोमवारी क्लिनिकमध्ये तो माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. डावा हात गालावर, डोळे तांबारलेले, दुसऱ्या हातात केसपेपर.

“तुझ्यासाठी पेशंट आणलाय. दाढ आहे.”

“कुठाय?”

“हा काय.” आणि तो खुर्चीत बसला.

“तुमच्या विभागात बारा जण आहेत. रोज हेच करतात. त्यांच्याकडे जा ना.”

“गेलो असतो. त्यातले सहा जण माझ्यासारखे आहेत. एकदाच बघतात.” त्याने खुर्चीच्या हातावर पकड घट्ट केली. “तू तीनदा बघतेस. आणि… एक सांगू? कोणाला बोलू नकोस. मला इंजेक्शनची भीती वाटते.”

“रोज दहा जणांना टोचता ना?”

“टोचून घेत नाही.”

केसपेपर त्याने स्वतःच भरला होता. खालची डावी, पहिली दाढ, नसेला सूज, रूट कॅनाल. सोबत एक्स-रे. त्यात त्या दाढेतलं जुनं सिमेंट नसेच्या अगदी जवळ पोचलेलं दिसत होतं. सगळं तयार होतं. मी फक्त भूल द्यायची आणि सुरुवात करायची.

मी कापसाचा बारीक बोळा घेतला, त्यावर गार फवारा मारला.

“तपासून झालंय सगळं,” तो म्हणाला.

“तुमचं झालंय. माझं नाही.”

खालच्या दाढेला बोळा लावला. तो दचकला, पण बोळा काढताच कळ थांबली. निरोगी दाताचं असंच असतं. शेजारच्या दातांना लावला. तेच. मग वरच्या दाढांकडे वळले तेव्हा तो म्हणाला, “अगं, वर कशाला?” मी उत्तर न देता वरच्या डाव्या पहिल्या दाढेला बोळा टेकवला, लगेच काढला आणि मनात आकडे मोजू लागले. दहा. वीस. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तीस झाले तरी कळ थांबेना.

“ही आहे,” मी म्हणाले. “वरच्या दाढेची कळ कधी कधी खालच्या दाढेत जाणवते.”

“नाही. दुखतंय खालीच. वर फक्त जाणवतंय. एक्स-रे बघ ना.”

“एक्स-रे तुम्ही खालचाच काढलात. वरचा काढलाच नाही.”

“मी दोन वर्षं हेच करतोय.”

“तू चुकतोयस,” मी म्हणाले.

हे मी ‘तू’ करून आणि जरा मोठ्याने म्हणाले असणार, कारण दोन खुर्च्या पलीकडे असलेल्या मॅडम आल्या. त्यांनी केसपेपर वाचला. एक्स-रे बघितला. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता या सांगतील आणि मी सुटेन.

“कुठल्या दाढेला हात लावायचा, ते काम करणारा ठरवतो,” मॅडम म्हणाल्या. “इथे काम कोण करतंय?”

एक निरोगी दाढ कायमची पोखरली जाणार होती, किंवा सीनियरला सगळ्यांसमोर खोटं पाडून मीच तोंडघशी पडणार होते.

“मी,” मी म्हणाले. “आणि मला वरची वाटते. मी फक्त वरच्या दाढेला भूल देते. खालची मोकळी राहील. पाच मिनिटांत ठणका थांबला, तर दुखणं वरचं. नाही थांबला, तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन.”

मॅडम स्टूल ओढून बसल्या.

त्याने डोळे गच्च मिटले. मी हिरडीला सुन्न करणारी जेली लावली, गाल हलकेच ओढून धरला, सुई इतकी सावकाश आत नेली की माझाच श्वास कोंडला. “झालं,” मी म्हणाले. त्याने एक डोळा उघडला. “टोचलंस?” त्याने विचारलं. मी मान हलवली. तो दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघू लागला.

मग आम्ही वाट बघत बसलो. एक मिनिट. दोन. भिंतीवरचं घड्याळ आणि त्याचा चेहरा, दोन्हींवर माझं लक्ष होतं. त्याच्या कपाळावर भूल देताना पडलेली आठी अजून तशीच होती. चौथ्या मिनिटाला ती सैल झाली. त्याने जबडा हलवून बघितला. खालची दाढ जिभेने चाचपली, दातावर दात दाबला.

“गेलं,” तो म्हणाला. “तीन दिवसांत पहिल्यांदा… काहीच दुखत नाहीये.”

वरचा एक्स-रे काढला. दाढेच्या मागच्या बाजूला, हिरडीच्या कडेखाली, कीड थेट नसेपर्यंत गेलेली होती. मॅडमनी केसपेपरवरची त्याची ओळ खोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. वरची डावी, पहिली दाढ, असं मी लिहिलं.

त्यानंतर दाढेभोवती रबर डॅम ताणून बसवला. हा रबराचा पातळ पडदा लागला की पेशंटला बोलता येत नाही, आणि या पेशंटच्या बाबतीत ती मोठीच सोय होती. दाढ उघडली. पहिला कॅनाल सापडला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात फाईल अडली. माझा हात थिजला. तो खालून बघत होता, भुवया जराशा उचलून, घाई न करता. मी फाईल बाहेर काढली, पुसली, पीळ तपासला, ती टाकून नवी घेतली आणि पाव वळण, पाव वळण करत परत आत गेले. वाट मिळाली. दोन तास लागले, पाठ भरून आली. पण कट् असा आवाज काही आला नाही.

त्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये त्याने जे केलं, ते मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अर्धा ओठ बधिर, बोलताना त्रेधा, तरी पदव्युत्तर विभागाच्या भरल्या टेबलावर तो स्वतः सांगत होता: मी स्वतःच्याच तोंडातली चुकीची दाढ लिहून दिली. त्या शेवटच्या वर्षाच्या मुलीने पकडलं. ती नसती, तर आज एक चांगली दाढ फुकट गेली असती. सगळे हसत होते, तोही हसत होता, आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवत होता. त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपणा नव्हता. अभिमान होता, आणि तो माझ्याबद्दल होता.

मी मात्र तुटलेल्या त्या एवढ्याशा तुकड्याची चार महिने लाज बाळगून बसले होते. दुसऱ्या दिवशी मी माझ्या बॅचला फाईलची गोष्ट सांगून टाकली. पाचाला दोन गोल करणारा तो मुलगा हळूच म्हणाला, “माझ्या दोन तुटल्यात.” मग एकेक जण बोलायला लागला आणि निम्मी बॅच तशीच निघाली. घरी गेल्यावर बाबांना म्हटलं, आता बसमध्ये सांगा. बाबा चष्मा पुसत म्हणाले, “सांगू म्हणजे? मी थांबलोच कधी होतो?” आणि रात्री बॅग आवरताना तो अर्ज हाताला लागला, तो मी फाडला.

प्रेम नेमकं कधी जडलं ते विचाराल, तर त्या कॅन्टीनच्या दाराशी. पण ते त्याला सांगायचं कसं? माणूस इतका बोलका की मधे शब्द घालायला जागा मिळणार नाही.

आठवड्याने तो दाढ भरून घ्यायला आला.

“आठवडाभर कसं होतं?”

“छान. फक्त गार पाणी लागलं की कधी कधी… बारीकशी कळ. काही नसेल. तू भरून टाक.”

“तीन कॅनाल साफ झाल्यावर कळ कसली?” मी म्हणाले. “चौथा आहे.”

“नसेल गं. बऱ्याच—” तो बोलता बोलता थांबला. “नाही. मी काही म्हणत नाही. तू बघ.”

भूल दिली, रबर डॅम बसवला. पहिल्या दोन कॅनालांच्या मधल्या खाचेत मी शोधत राहिले. दहा मिनिटं काहीच नाही. वीस मिनिटं. परत पुसलं, परत वाळवलं, परत बघितलं. मग सगळ्यात बारीक फाईलचं टोक एका जागी नुसतं चिकटल्यासारखं झालं. पाव वळण. ती आत गेली.

मॅडम आल्या, भिंग लावून बघितलं, बराच वेळ बघितलं. “हा मला पहिल्या नजरेत दिसला नसता,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या. आनंद होता, पण नुसता आनंद नव्हता. मी हे केलं होतं. या दोन हातांनी.

खाली बघितलं तर त्याचे डोळे चमकत होते. बोलायची धडपड चालली होती, पण बोलता येत नव्हतं. आणि माझ्या मनात आलं, अशी संधी परत यायची नाही.

“ऐक,” मी म्हणाले, फाईलवरची नजर न काढता. “मला एक सांगायचंय. तू मधे बोलणार नाहीस, म्हणून आत्ताच सांगते. मला तू आवडतोस. खूप… म्हणजे खरोखर.”

त्याचे डोळे मोठे झाले.

“मान हलवू नकोस,” मी म्हणाले. “फाईल आत आहे.”

तो दगडासारखा स्थिर राहिला.

“पापण्या हलवल्यास तर चालेल.”

त्याने पापण्या इतक्यांदा मिटल्या की मी मोजणं सोडून दिलं. आणि नवल म्हणजे, माझा हात जराही हलला नाही. पाव वळण, पाव वळण करत मी मुळाच्या टोकापर्यंत पोचले. तासाभराने चारही कॅनाल भरून झाले. एक्स-रेमध्ये चार पांढऱ्या रेघा मुळांच्या टोकांपर्यंत सरळ उतरलेल्या दिसल्या. मॅडमनी सही केली.

रबर काढल्याबरोबर तो उठून बसला आणि बधिर ओठाने काहीतरी बोलू लागला.

“आत्ता नको,” मी म्हणाले. “भूल उतरू दे. अर्ध्या तोंडाने दिलेलं उत्तर मी घेत नाही.”

“दोन तास लागतात,” तो कसाबसा म्हणाला.

“मलाही काम आहे.”

मी मॅडमकडे गेले आणि आणखी एक दाढ मागितली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एका निवृत्त सुताराला माझ्या खुर्चीत पाठवलं. आजोबा बसता बसताच म्हणाले, “पोरी, पहिल्यांदाच करतेयस का?”

“नाही आजोबा,” मी म्हणाले. “दुसऱ्यांदा.”

आजोबांच्या सगळ्या दातांना गार बोळा लावून झाला, एक्स-रे झाले, दाढ उघडली, औषध घालून बंद केली, तेव्हा क्लिनिकमध्ये झाडलोट सुरू झाली होती. हातमोजे काढून बाहेर आले. तो बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसला होता, कोट मांडीवर, ओठाला बोटाने टोचून बघत. मला बघून उभा राहिला.

“उतरली?” मी विचारलं.

“मघाशीच. पूर्ण.”

“मग बोल.”

त्याने घसा साफ केला. इतके दिवस ज्याच्या तोंडाला विश्रांती म्हणून ठाऊक नव्हती, तो शब्द शोधत होता. “मलाही तू आवडतेस. फार आधीपासून. तो सातवा प्रश्न मला कधीच भरून नको होता, मला फक्त… तुझ्याकडे यायला कारण हवं होतं.” मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “पण माझी खात्री म्हणजे काय, ते तू बघितलंयस. तुला वेळ हवा असेल तर घे. नीट बघून घे. तीनदा बघ.”

मी त्याच्याकडे बघितलं. कानांच्या पाळ्या लाल, गालावर रबराच्या पट्टीचा वळ, आणि त्या गालाच्या आत माझी वरची डावी पहिली दाढ, चारही कॅनालांसकट.

मी त्याचा हात हातात घेतला.

“नको,” मी म्हणाले. “मला खात्री आहे.”